रघुकाकांचं बसणं

रघुकाका बोलता बोलता मध्येच थांबत. वाक्य अर्धं टाकून समुद्राकडे बघत राहत आणि पाच-दहा मिनिटांनी तेच वाक्य पुढे सुरू करत. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा असंच झालं. मी घाबरून त्यांची नाडी धरली, तर म्हणाले, "काय नाय गो बाय. जरा गप झालो."

काका गेल्या वर्षी वारले. माझी त्यांची ओळख झाली ती त्यांना आलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर. त्यांची मासेमारीची बोट तेव्हा मुलाकडे, नितेशकडे गेली होती, आणि मी फिजिओथेरपिस्ट म्हणून शहरातल्या एव्हरशाईन भागातून आठवड्यातून दोनदा त्यांचा व्यायाम घ्यायला जात होते. सकाळ-संध्याकाळ सहा वाजता, वीस मिनिटं, पाठ ताठ ठेवून श्वासावर लक्ष द्यायचं, हा नेम मी त्यांना लावून दिला. तो त्यांना मुळीच पटला नाही.

"गप बसायला घड्याल कशाला? ते आपोआप येतं. भरतीला कोन बोलावतं?"

मी चिडायचे. मी स्वतः कित्येक वर्षं रोज अशीच बसत होते, पण आपोआप असं मला कधीच काही आलं नव्हतं. ते बहुधा खुपायचं. शेवटी त्यांच्या बायकोनं, काशीबायनं, सुकी मासळी निवडता निवडता निकाल दिला, "बसा हो. पोरीची पायपीट फुकट घालवू नका." काका बसू लागले. कुरकुरत, पण एकही दिवस न चुकता.

त्या ऑक्टोबरात एका दुपारी वारा फिरला. बाकीच्या बोटी संध्याकाळपर्यंत किनाऱ्याला लागल्या, नितेशची आली नाही. वायरलेसही बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला कळलं तशी मी रिक्षा करून किनाऱ्यावर गेले. गावातल्या बोटी दिवसभर समोरचं पाणी शोधून रिकाम्या परतल्या होत्या. काशीबाय नवऱ्याचा सदरा मुठीत धरून एकच विचारत होती, "दिसला का?"

काकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"येत नाय," ते मला म्हणाले.

"येईल हो बोट."

"बोट नाय गो. आतनं गप होत नाय. एवढी वर्सं आपोआप यायचं. आज या पान्याकडं बघवत नाय." त्यांचा हात छातीवर होता. मी दवाखान्यात चला म्हटलं. ते म्हणाले, "वाजले किती?"

सहाला पाच मिनिटं होती.

ते तिथंच वाळूत, समुद्राकडे पाठ करून, ताठ बसले. मनगट स्वतःहून माझ्या हातात दिलं. मी श्वास मोजू लागले. मी चारपर्यंत जायचे आणि त्यांचा श्वास तुटायचा. पुन्हा एकपासून. मागून कुणीतरी बोललं, "पोरगा पान्यात, आनि बाप योगा करतोय!" माझे कान तापले. काकांनी ऐकलं होतं, पण डोळे उघडले नाहीत. नाडी बराच वेळ सैरावैरा धावत होती. मग हळूहळू माझ्या बोटांखाली ती एका लयीत आली.

वीस मिनिटांनी ते उठले आणि परतलेल्या बोटींच्या तांडेलांना म्हणाले, "इंजिन बंद पडलं आसल, तर बोट वाऱ्यासंगं वाहत गेली आसल. कालपासनं वारा दक्षिनेचा हाय. समोर काय शोधता? उत्तरेला, अर्नाल्याच्या वर जा."

दोन बोटी लगेच निघाल्या. सकाळी त्या आल्या, तेव्हा एकीच्या मागे दोराला बांधलेली नितेशची बोट होती. नितेश आणि त्याचे दोन्ही खलाशी जिवंत होते. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले.

काकांनी मुलाच्या गालांवरचं मीठ तळहातांनी पुसलं. "जेवाला चल," एवढंच म्हणाले, आणि मग वाळूत खाली बसले. सगळ्या किनाऱ्यासमोर हमसून हमसून रडू लागले. मी धावले, तर काशीबायनं माझा दंड धरला.

"रडू दे गो त्यांना," ती म्हणाली. "कालपासनं माझ्यासाठी रडायचे थांबलेत."