राहण्यास अयोग्य

आमच्या वहिनी नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक. गल्लोगल्ली फिरायचं, गटारांची झाकणं उचलायची, घरमालकांना नोटिसा द्यायच्या. घरी आल्या की आधी चपला धुतात, मग तोंड. वीस वर्षांत त्या कुणाच्या घरचा चहा प्यायल्या नाहीत. आम्ही चिडवायचो, लोकांच्या मोऱ्या बघून यांची तहानच मेली आहे.

एका तिमजली इमारतीत तळमजल्यावर, मागच्या खोलीत, शिवणकाम करणारी एक बाई दोन मुलींना घेऊन राहायची. वरच्या बिऱ्हाडांचं सांडपाणी तुंबून तिच्या मोरीतून घरात शिरायचं. धाकटीचं पोट सतत बिघडलेलं. वहिनींनी चार वेळा वहीत 'दुरुस्ती आवश्यक' असं लिहिलं. चारही वेळा मालकाने भिंतीला चुना फासला, फोटो काढून ऑफिसात पाठवला आणि साहेबांनी प्रकरण मिटवलं. त्या फोटोंत फरशी कधी दिसलीच नाही, आणि साहेबांनाही ती बघायची नव्हती.

पाचव्या खेपेला वहिनींचा पारा चढला. त्यांनी लिहिलं, 'राहण्यास अयोग्य'. त्यांना वाटलं, आता तरी मालकाची झोप उडेल.

दोन वर्षं पेंगणारं ऑफिस खडबडून जागं झालं. तिसऱ्याच दिवशी हुकूम निघाला: सात दिवसांत खोली रिकामी करा. मालकाला काय? काही नाही. अयोग्य खोली सोडायची ती राहणाऱ्याने, असा नियम. तो ज्याने लिहिला त्याला आठवडाभर त्या मोरीपाशी निजवायला हवं. मालक तर वहिनींचे आभार मानायला स्वतः ऑफिसात आला. बाईला हुसकायचं त्याच्या मनात कधीचंच होतं.

ती गेल्यावर पंधरा दिवसांत नवा पाइप पडला, फरशी बसली, दुसरे भाडेकरू आले. फाइलीवर शेरा पडला: तक्रार निकाली. त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत.

महिन्याभराने त्यांनी बाईचं नवं घर शोधून काढलं. दोन गल्ल्या पलीकडे, आणखी लहान खोली. मोरीच्या तोंडाशी चिंध्या कोंबलेल्या आणि तोच वास. वहिनींनी सवयीने पिशवीतून वही काढली.

बाईने हातातलं शिवण खाली ठेवलं आणि वहीवर हात दाबून धरला.

"नका लिहू, मॅडम," ती म्हणाली. "मुली आत्ता कुठे इथे रुळल्यात."

ज्या वहीला मालकाने घाबरायला हवं, तिला ही बाई घाबरत होती. वहिनींनी वही पुन्हा पिशवीत टाकली.