स्विचची टोपी

भाऊजींना वहिनींची खरी माहिती फार थोडी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सख्ख्या थोरल्या भावाची बायको, राहायला दोन गल्ल्या पलीकडे, येणंजाणं कायमचं. तरी वहिनींना कोणता रंग आवडतो असं कुणी विचारलं असतं, तर भाऊजींनी उत्तर द्यायच्या ऐवजी चष्मा पुसायला घेतला असता.

वहिनी काज-बटणं करायच्या. शिंप्यांकडून शर्टांचे गठ्ठे यायचे आणि मशीनशेजारच्या पलंगावर त्यांचा डोंगर व्हायचा. गळ्यात नाडीला बांधलेली छोटी कात्री, ओठांत दोरा आणि उजव्या हाताशी फोन. फोन घेतला होता तोच मुळी शिंप्यांसाठी. रिसीव्हर खांद्यात धरून त्या सांगायच्या, "आज देते म्हटलं ना? मग आजचा दिवस अजून संपलाय का?" आणि हात चालूच.

भाऊजींचं फोनशी कधी जमलं नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात त्यांचा जन्म गेला. समोर बसलेल्या माणसाशी बोलताना घसा कोरडा पडायचा, तिथे न दिसणाऱ्याशी काय बोलणार? थोरला भाऊ गेला आणि वहिनी एकट्या राहिल्या, तेव्हा रोज चौकशी करायची असं त्यांनी मनाशी ठरवलं. पहिल्या सकाळी फोन लावला खरा, पण वहिनींच्या "हॅलो"पुढे काही सुचेना.

दोन-तीन हॅलो झाल्यावर वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच ना? दुसरं कुणी इतकं गप्प बसत नाही. असं करा, बोलायचं राहू द्या. सकाळी दोनदा रिंग वाजली की ठेवून द्या. मग मी तिकडे दोनदा वाजवीन. म्हणजे दोघंही उठलो, असं समजायचं."

तेव्हापासून तसंच चाललं. दोन रिंगा इकडून, दोन तिकडून. कितीतरी वर्षं.

मग फोन कंपनीनं गल्लीतल्या जुन्या तारा काढल्या आणि सगळं डिजिटल केलं. माणूस येऊन पुढच्या खोलीत खिडकीजवळ राउटर बसवून गेला. "फोन आता भिंतीला नाही, या डब्याला जोडायचा," म्हणाला. वहिनींचा हात मशीनवर होता. "तिकडे ठेवा वायर. हे आटपलं की मी लावते," असं म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं आणि मग भाऊजींना बोलावणं धाडलं. बारीक कामाचा हात घरात त्यांचाच.

भाऊजींनी लांब वायर भिंतीच्या कडेनं मशीनपासून खिडकीपर्यंत नेली. डब्याच्या मागे ओळीनं चार भोकं होती. पहिल्यात पिन बसली. रिसीव्हर कानाला लावला तर आत सामसूम.

"बसली की पिन," भाऊजी म्हणाले.

"बसली म्हणून काय झालं? शर्टाचं बटण कोटाच्या काजातही जातं. राहतं का?" वहिनी उठून आल्या. "चित्रं काढलीत बघा वर. फोनचं चित्र शेवटच्या भोकावर आहे. जन्मभर लोकांना चष्मे लावलेत, आणि स्वतः?"

भाऊजींनी पिन हलवली. कानात लांबलचक सूर आला. तो आवाज ऐकून दोघांना इतका आनंद झाला की रिसीव्हर एकमेकांना दोन-दोनदा देऊन झाला.

पण दुसऱ्या सकाळी भाऊजींनी नंबर फिरवला, तर रिंगच नाही. एक अनोळखी बाई थंडपणे सांगू लागली की या क्रमांकाशी संपर्क होऊ शकत नाही. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. भाऊजी तसेच घराबाहेर पडले. दोन गल्ल्या ते कसे आले ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

दार वाजवायच्या आतच उघडलं. वहिनी बाहेर जायच्या कपड्यांत उभ्या, हातात पिशवी.

"अगं बाई! आहात ना ठीक? फोन वाजला नाही, म्हटलं पडलात की काय कुठे. तुमच्याकडेच निघाले होते." मग त्यांची नजर खाली गेली. "आणि हे काय? एका पायात चप्पल, एका पायात बूट?"

डब्यावर एकही दिवा नव्हता. वहिनींनी कपाळावर हात मारला. झोपण्याआधी घरातला प्रत्येक स्विच बंद करायचा ही त्यांची जुनी सवय. डब्याचा स्विचही त्यातच गेला होता, आणि डब्याला वीज नाही म्हणजे फोन मुका.

"इतके कशाला बंद करता पण?" भाऊजींनी विचारलं.

वहिनींनी पलंगावरची चादर उचलली. लाकडाच्या कडेला इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग होता. "लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. इस्त्री चालू राहिली. शिंप्याचे शर्ट गेले, पलंग पेटता पेटता वाचला. तुमच्या भावानं डागावर चादर टाकली आणि म्हणाले, कुणाला सांगायचं नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्याच कडेवर बसून भाऊजी जन्मभर चहा प्यायले होते. त्यांना माहीत नव्हतं.

वहिनींची लेक भेटायला आली तेव्हा वहिनींनी चप्पल-बुटाची गोष्ट अगदी रंगवून सांगितली. लेक हसली नाही.

"आई, पुरे झालं आता. उद्या खरंच काही झालं आणि फोन बंद असला तर? पुन्हा एकदा असं झालं की सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. काका, तुम्ही साक्षीदार."

साक्षीदारांनी चष्मा पुसायला घेतला.

लेक गेल्यावर वहिनी मशीनवर हात फिरवत म्हणाल्या, "गुणाची आहे हो पोर. पण तिच्याकडे बाल्कनीत दोन कुंड्या मावत नाहीत, मशीन कुठे ठेवू? आणि शिंपी काय तिसऱ्या मजल्यावर गठ्ठे घेऊन चढणार आहेत?" इतका वेळ चेष्टेत चाललेला आवाज शेवटी जरा बसला.

त्यांनी स्विचवर कागद चिकटवला: बंद करू नये. पण अंधारात हाताला वाचता येत नाही. एका सकाळी उठून बघतात तर डबा पुन्हा काळा. धावत जाऊन स्विच लावला. डब्याचे दिवे एकेक करून, अगदी सावकाश लागत होते, आणि भाऊजींच्या रिंगची वेळ होत आलेली. शेवटचा दिवा लागला आणि फोन वाजला. वहिनींनी उलट दोन रिंगा दिल्या आणि पलंगाच्या त्याच कडेवर मटकन बसल्या.

त्या दिवशी शिंप्यांचं काम बाजूला राहिलं. संध्याकाळी भाऊजी गेले तर डब्याच्या स्विचवर एक टोपी होती. वरून स्विच दाबता येणार नाही इतक्या जाड निळ्या कापडाची, चारही कडा चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवलेल्या, मध्ये एक चीर, आणि चिरेवर सुबक काज आणि कोटाचं मोठं बटण. स्विच बंद करायचा तर आधी बटण काढायला हवं.

"माझा हात आंधळेपणानं स्विच दाबेल," वहिनी म्हणाल्या, "पण आंधळेपणानं बटण काढणार नाही. बटण लावायचीच सवय आहे त्याला."

भाऊजींनी टोपी जवळून पाहिली, लांबून पाहिली. "निळा रंग छान आहे," ते म्हणाले.

"मला मुळीच आवडत नाही निळा. तुकडा उरला होता."

एवढं झालं तरी भाऊजींच्या जिवाला स्वस्थता नव्हती. धूळ झाडताना बटण काढलं आणि लावायचं राहिलं तर? हे दोन रिंगांनी विचारता येण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी ते वाक्य स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणून पाहिलं, पाणी प्यायले आणि फोन लावला. दोन रिंगा होऊन गेल्या तरी ठेवला नाही.

"हॅलो?"

"बटण लावलंय?"

पलीकडे वहिनी इतक्या हसल्या की खांद्यातला रिसीव्हर खाली पडल्याचा आवाज आला. "कोण बोलतंय? आमचे भाऊजी तर फोनवर बोलत नाहीत!"

त्यानंतर सकाळी रिंगा आणि संध्याकाळी ते वाक्य, असा नेम झाला. वाक्यामागून कधी चार शब्द जास्तीचे यायचे. त्यातून भाऊजींना कळलं की वहिनींना लिफ्टची भीती वाटते, की मशीन चालवताना त्या एकट्याच गुणगुणतात, की त्यांना पिवळा रंग आवडतो. लेकीकडे जायची वेळ आली नाही. वहिनी शेवटपर्यंत आपल्या घरात, आपल्या मशीनशेजारी राहिल्या. ज्या सकाळी उलट रिंगा आल्या नाहीत, त्या सकाळीही डब्याचे सगळे दिवे लागलेले होते आणि टोपीचं बटण जागच्या जागी होतं.

आदल्या संध्याकाळचं बोलणं रोजच्यासारखंच होतं.

"बटण लावलंय?"

"लावलंय हो. तुम्ही दाराला कडी लावलीत का?"

"बघतो."

"बघा. ठेवते मी."