न मोजलेल्या भाकरी

सेवाग्रामच्या वाटेवर एका वसतिगृहात तानाबाई भाकरी थापायची. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दिवसभर साठ जणांनी तिच्या हातचं खायचं आणि संध्याकाळी घरी तिच्याशी दोन शब्द बोलायला कुणी नसायचं.

छप्पन साली हिंदी शिकायला चीनहून लिन नावाचा पोरगा आला. रविवारी संध्याकाळी वसतिगृहाची चूल बंद, म्हणून तो तिच्या घरी जेवायचा. परक्या मुलखातलं लेकरू उपाशी राहील, असं ती लोकांना सांगायची. खरं म्हणजे रविवारची वाट तीच बघायची.

लिननं तिला चिनीत मोजायला शिकवलं. त्यांच्याकडे नुसतं ‘तीन माणसं’ म्हणून भागत नाही. आकडा आणि माणूस यांच्या मधे ‘गे’ लागतं.

“अन् गाडग्याले?”

“गे.”

“महिन्याले?”

“गे.” कागदाला, गाईला वेगळे शब्द आहेत, पण आठवले नाहीत तर ‘गे’नं काम भागतं, असं तो म्हणाला.

“हळदच म्हन ना बाबा! कोनत्याई भाजीत चालते.”

मग काय, बाई पेटलीच. माठ, गाडगी, शेजारची पोरं, वेलीवरचे दोडके, काही म्हणून सोडलं नाही. एका रविवारी त्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता ती ऐटीत म्हणाली, “यी गे, ल्यांग गे, सान गे!” लिननं टाळ्या वाजवल्या. तिनं मात्र जीभ चावली. पाहुण्याच्या भाकरी मोजू नयेत, मोजल्या की त्याचा पाय घरात टिकत नाही, असं तिची आई सांगायची.

गुरुवारी त्याला परत बोलावल्याचं पत्र आलं.

निघताना तो “येतो, मावशी” म्हणाला. माझ्याच जिभेनं घात केला रे, हे ओठावर आलेलं तिनं गिळलं. “येजो बाबा,” एवढंच म्हणाली.

पुढे त्याचं पत्र आलं. वसतिगृहातल्या चंद्रभान मास्तरांनी वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, ‘मला जाऊन किती महिने झाले, मावशी? आपल्या ‘गे’नं मोजून कळवा.’

“काय लिहू?” मास्तरांनी विचारलं.

आकडा तिला तोंडपाठ होता. सात.

“म्या मोजलं नाई, मास्तर. भाकर टाकून ठेवते म्हना, येजो.”

त्या रविवारी ती पीठ संपेस्तोवर थापत राहिली. किती झाल्या ते तिनं पाहिलं नाही. सगळ्या त्याच्या ताटात ठेवल्या आणि समोर बसून पोटभर रडली.