दांडीताईचा डावा हात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी एक पिवळी बस थांबते. तिच्या दारात एक बाई उभी असते, डाव्या हाताने वरची दांडी घट्ट धरून. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेची बस आहे ती. माझी नात त्याच बसने जाते.

ही मुलं प्रत्येकाला हाताचं नाव ठेवतात. आपण बायका ठेवतो तशी नावं नव्हेत, खरीखुरी. ज्याला खळी पडते, त्याचं नाव गालावर बोट. या बाईचं नाव ठेवलंय डोक्याशेजारी आवळलेली मूठ. नातीने मूठ दाखवली तेव्हा मला वाटलं, बाई मारते की काय पोरांना. दुसऱ्या दिवशी बस बघितली आणि उलगडा झाला. तेव्हापासून मी तिला दांडीताई म्हणते, आणि तीही ओ देते.

मुलांना चढवायचं, उतरवायचं, कानातली मशिनं खिडकीतून पडू द्यायची नाहीत, हे तिचं काम. मी एकदा म्हटलं, "तुझं बरं आहे बाई, गोंगाट नाही."

"काय बरं आहे, आजी? शेवटच्या सीटवरून पहिल्या सीटवर शिव्या देतात, आणि ड्रायव्हरला पत्ता नसतो. मीच मधे जाऊन उभी राहते, म्हणजे दिसत नाही एकमेकांना."

सकाळची फेरी आटपली की माझ्याकडे चहाला बसते. तिचा मुलगाही जन्मापासून ऐकू न येणारा. आता दूरच्या शहरात कारखान्यात फर्निचरला पॉलिश करतो. तो लहान होता तेव्हा शाळेत आईबापांना बजावून सांगायचे, हात हलवू देऊ नका, नाहीतर तोंडाने बोलायचा नाही. मग ही त्याला आरशासमोर बसवायची. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची. 'प' नीट आला की पट्टी हलते. त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायची. मुलगा शिकला बोलायला. "जेवलो", "बरं आहे", "निघतो" असे शब्द, आणि तेही घाम गाळून.

पुढे शिकायला वसतिगृहात गेला. तिथल्या पोरांनी रात्रीत त्याला हातांची भाषा शिकवली म्हणा ना. सुटीला घरी आला की मात्र हात खिशात. आईसमोर हात काढायचे नसतात, हे अंगात मुरलेलं. लग्न केलं तेही त्याच्यासारख्याच मुलीशी. दोघं हातांनी तासन् तास बोलतात, आणि ही दारात उभी. ती आत आली की मुलगा हात खाली घेतो आणि तोंडाने म्हणतो, "चहा छान."

"माझा मुलगा बडबड्या आहे, आजी," ती एकदा म्हणाली. "सून हसून हसून लोळते. मला काय मिळतं, तर चहा छान."

म्हणून तर बसवरची नोकरी धरली तिने. उतारवयात मुलांकडून त्यांची भाषा उचलायला लागली. माझी नात तिची मास्तरीण, आणि मास्तरीण कडक. एकदाच काय ते मुलाने आपल्याशी हातांनी बोलावं, एवढाच तिचा ध्यास.

गेल्या महिन्यात मुलगा-सून चार दिवस राहायला आले. तिने मला आणि नातीला बोलावून घेतलं. "पोरगी जवळ असली की धीर येतो," म्हणाली. मला स्वतःला 'जेव', 'झोप' आणि 'इकडे ये' एवढंच येतं. माझा काही उपयोग नव्हता, पण चहा होता.

सून आणि नात कोपऱ्यात गप्पांना बसल्या. मुलगा खुर्चीत, हात खिशात. दांडीताई त्याच्यापुढे उभी राहिली आणि उजव्या हाताने बोलायला लागली. मुलगा बघतच राहिला. मग कपाळाला आठ्या. मग मान तिरकी. ती पुन्हा पुन्हा तेच करत होती, चेहरा घामाघूम. आणि एकदम तो हसायला लागला, मोठ्याने, त्याला ऐकू न येणाऱ्या आवाजात.

तिचा डावा हात शेजारच्या कपाटाची कड घट्ट धरून होता. बसमध्ये शिकलेली ना ती. एक हात कायम दांडीला. दोन हातांनी करायचे शब्दही ती एकाच हाताने शिकली होती, आणि धक्के खात शिकवणाऱ्या पोरांनाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. घर म्हणायचं तर दोन्ही हातांची बोटं टेकवून छप्पर करतात. ही एकाच बाजूचं छप्पर धरून उभी.

मुलगा उठला. तिची बोटं कपाटावरून सोडवली, हात वर आणला आणि उजव्या हाताला टेकवला. आणि मग बोलायला लागला. हातांनी. खूप वेळ बोलला. चहावर साय धरली. दांडीताई मान डोलवत होती, मधेच हसत होती. आमची पोरगी सुनेकडे तोंड करून बसलेली, तिला यातलं काही दिसलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला गं एवढं?"

"कोण जाणे. 'रंग' कळलं. 'साहेब' कळलं. बाकी भराभर गेलं."

"अगं मग हळू म्हणायचंस की."

"थांबवलं असतं तर परत तोंडाने बोलला असता, आजी."

आता दुपारची फेरी झाली की ती माझ्या पायरीवर नातीला घेऊन बसते. मुलाच्या हातांचे जे आकार डोळ्यांत राहिलेत, ते एकेक करून दाखवते. "असं केलं त्याने, मग असं." नात ओठ वाचते आणि अर्थ लावते. "जिना" सापडला, "पाठदुखी" सापडली, ती कळल्यावर दांडीताई दोन दिवस बेचैन होती. काल एक आकार केला तिने, छातीपाशी तळवा, मग बाहेर वळवलेला. नातीने मान हलवली, असा शब्दच नाही. दांडीताईने डोळे मिटले, आठवून पाहिलं, आणि तळवा थोडा खाली धरून पुन्हा करून दाखवला.