बोटभर खिडकी

माझा नवरा फौजेत गाडी चालवायचा. दोन हिवाळे आम्ही वर डोंगरात, फौजेच्या क्वार्टरमध्ये काढले. तिथे खोलीत बुखारी असायची, म्हणजे धुराड्याची लोखंडी शेगडी. पहिल्याच दिवशी त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. थंडीत नळ पूर्ण बंद करायचा नाही, थेंब थेंब गळता ठेवायचा, नाहीतर पाइपात बर्फ होऊन पाइप फुटतो. आणि बुखारी पेटली की खिडकी बोटभर उघडी ठेवायची.

नळाचं मी एकदा विसरले. पाइप फुटला, घरात पाणी झालं, आणि त्याने मला शेजारपाजारच्या बायकांसमोर झापलं. ते जन्मभर लक्षात राहिलं. खिडकी रोज तोच उघडायचा. त्यामुळे खिडकीने कधी काही झालं नाही, आणि ती माझ्या डोक्यातून गेली.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मी मुलाकडे गाझियाबादला राहते, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मी सांगते आहे तो हिवाळा चार वर्षांपूर्वीचा. सून बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. मुलगी झाली होती. सुनेच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती साताऱ्याहून येऊ शकली नाही. रोज फोन करून विचारायची, "शेक चालू आहे ना? शेगडी ठेवता ना खाटेखाली?"

आमच्याकडे बाळंतिणीला तेल लावून, न्हाऊ घालून खाटेवर निजवतात आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. निखाऱ्यांवर ओवा टाकतात. माझी चारही बाळंतपणं अशीच झाली. पण ती कौलारू घरात. वारा कुठूनही यायचा.

इथे मुलाच्या पलंगाखाली सामानाची पेटी. शेगडी जाणार कुठे? मी त्याला फोल्डिंगची खाट आणायला लावली. शेगडी गावाहून येताना मीच आणली होती. मुलगा म्हणाला, "आई, हीटर आहे की."

मी म्हटलं, "हीटरवर ओवा टाकतात का?"

रोज थोडा वेळ शेक देत होते, तेव्हा खोलीचं दार सताड उघडं असायचं. म्हणून काही झालं नाही.

त्या दिवशी सकाळपासून ऊन नव्हतं. तीन दिवस धुकं उठलंच नव्हतं. मुलगा दिल्लीला ऑफिसला गेला आणि थोड्याच वेळात वीज गेली. हीटर बंद. मला पहिली काळजी पडली ती नळाची. गच्चीवरच्या पाइपाला मी आधीच गोणपाट गुंडाळून ठेवलं होतं. तेव्हा समोरची पंजाबी बाई हसली होती, "अम्माजी, ये गाज़ियाबाद है, शिमला नहीं।" हसू दे म्हटलं. न्हाणीघरातला नळ मी गळता ठेवला आणि खाली बादली लावली.

मग खाली प्रेसवाल्याकडून कोळसे आणले. तो अजून कोळशाची इस्त्री वापरतो. शेगडी बाल्कनीत फुलवली आणि नेहमीपेक्षा जास्त भरून खाटेखाली ठेवली. बाहेरच्या धुराने पोरीला खोकला होऊ नये म्हणून मुलाने खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली होती. दार मी लावून घेतलं आणि खालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. खोलीला लागूनच न्हाणीघर आहे, त्याचंही दार लावलं. खोली मस्त गरम झाली. सून निजली, पोरगी तिच्या कुशीत. मी खुर्चीत बसून बादलीत पडणारे थेंब ऐकत होते.

माझं डोकं दुखायला लागलं. मला वाटलं, गारठ्याने. मळमळलं. वाटलं, चहा उपाशीपोटी घेतला म्हणून. पोरगी दर दोन तासांनी भुकेने कोकलायची. तिची वेळ झाली आणि ती रडली नाही. मला बरं वाटलं. गुण आला शेकाचा, असं मी मनात म्हटलं. हे लिहायची लाज वाटते, पण म्हटलं होतं.

मग थेंब थांबले.

मला एकच कळलं, पाइप गोठला. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. भिंत धरून न्हाणीघरात गेले. तिथे वर पंख्याचं भोक आहे, त्यातून गार वारा येत होता. नळ कोरडा. वीज नाही म्हणून पंप नाही, टाकी संपली होती, एवढंच. पण मी तिथे उभी राहिले, वारा तोंडावर घेतला, आणि डोकं जरा उघडलं. मागे वळले तर खोलीतली हवा अंगावर आली. तेव्हा नवऱ्याचं दुसरं वाक्य आठवलं.

मी सुनेला हाक मारली. पुन्हा मारली. तोंडात मारली. तिने डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. पोरीला उचललं तर मान लटकली. ओल्या फडक्यासारखी होती हातात. मी आयुष्यात बरीच मढी पाहिली आहेत. नवऱ्याचं पाहिलं. पण त्या वेळी वाटलं तसं भय मला कधी वाटलं नाही. लुगडं पायाने ओढून दार उघडलं, बाल्कनीत गेले आणि मग ओरडले.

समोरची बाई पिठाच्या हातांनी धावत आली. खोलीत पाऊल टाकलं आणि किंचाळली, "अंगीठी? बंद कमरे में? मारोगी क्या सबको, अम्माजी!" तिने सुनेला काखेत धरून बाहेर ओढलं. मी पोरीला खांद्यावर टाकून सुरीने खिडकीची पट्टी कापली. घाईत अंगठाही कापला. बाई म्हणाली, "खिड़की छोड़ो, बच्ची को देखो! पैर मलो इसके!"

मी तळपाय चोळले. काही नाही. टिचक्या मारल्या. काही नाही. नाकाखाली बोट धरलं तर माझंच बोट इतकं गार की श्वास आहे की नाही तेच कळेना. किती वेळ गेला माहीत नाही. मग पोरीने तोंड वाकडं केलं आणि बारीक आवाज काढला, मांजराच्या पिल्लासारखा.

त्या बाईच्या नवऱ्याने गाडीतून दवाखान्यात नेलं. दोघींना ऑक्सिजन लावला, मलाही लावला. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "किसने रखी थी अंगीठी?" मी म्हटलं, "मैंने।" त्या पुढे बोलत राहिल्या. मी ऐकून घेतलं.

मुलगा आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाला, "पट्टी मीच लावली होती, आई." म्हटलं, "पट्टी तू लावलीस. शेगडी मी ठेवली, दार मी लावलं." त्याने मान हलवली. मला ते पटलं. उगाच समजूत घातली असती तर राग आला असता.

दोन दिवस दोघींना ठेवून घेतलं. सुनेच्या आईचा फोन आला, शेक चालू आहे ना. सून माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही. आता शेक बंद." शेगडी मी कुणाला दिली नाही. दिली असती तर त्यानेही ती कुठल्या तरी खोलीत ठेवली असती. दगडाने तिचा तळ फोडला आणि भंगारात टाकली.

पोरगी आता शाळेत जाते. तोंड थांबत नाही. माझ्याजवळच निजते. हिवाळ्यात मुलगा सगळ्या फटी बुजवतो, आमच्या खोलीतली ही एक खिडकी सोडून. घरात आता साधी मेणबत्तीही लावत नाही, तरी ती उघडी असते. निजण्याआधी मी फटीत बोट घालून बघते.

"आज्जी, बंद कर ना. ठंड लगती है यार," ती म्हणते.

"लागू दे," मी म्हणते, आणि तिच्या नाकाखाली बोट धरते. आधी हातावर हात चोळून ते ऊन करून घेते.