गांगुर्डे सर आणि त्या हाताची नखं

गांगुर्डे सरांची आणि माझी पहिली भेट प्रवेशाच्या मुलाखतीत झाली. वैद्यकीय नीतिशास्त्राचा त्यांचा पदव्युत्तर वर्ग नाशिकमध्ये तेव्हा नुकताच सुरू झाला होता. मी तत्त्वज्ञान शिकून आलेली. सरांनी विचारलं, "मेलेल्या माणसाला दुखावता येतं का?" मी ठामपणे "नाही" म्हणाले. "मग त्याच्याबद्दल आपण हळू आवाजात का बोलतो?" तो प्रश्न मी हातातल्या फाइलच्या कोपऱ्यात लिहून घेतला. प्रवेश मिळाला.

सर मूळचे वकील. त्यांच्या वर्गात डॉक्टर, वकील आणि आम्ही साहित्य-तत्त्वज्ञानवाले एकाच बाकावर बसायचो. कोणी अवघड शब्द वापरला की सर म्हणत, "पेशंटच्या आईला सांगताय असं सांगा." ते स्वतः तसं कसं सांगतात, हे आम्हाला किरण आणि सुमनबाईंमुळे कळलं. ही दोन्ही नावं मी बदलली आहेत.

नाशिक रोडच्या किरणचा उजवा हात यंत्रात गेला होता. अपघातानंतर मेंदू मृत झालेल्या एका तरुणाचा हात डॉक्टरांनी त्याला बसवला. त्या तरुणाच्या आई सुमनबाई, दिंडोरीकडच्या. अशा वेळी दोन्ही घरांची ओळख गुप्त ठेवतात. पण सर रुग्णालयाच्या नीती समितीवर होते आणि सुमनबाईंनी त्यांच्याकडे एकच मागणं मागितलं, "पोराचा हात एकदा हातात घ्यायचाय."

सरांनी कोणाचं नाव न सांगता किरणला विचारलं. तो नाही म्हणाला. आम्ही सरांशी भांडलो. "त्या माउलीचं दुःख मला दिसतंय," सर म्हणाले, "पण हात आता त्याच्या अंगाला आहे. नकार द्यायचा हक्कही त्याचाच." हे सांगायला ते स्वतः दिंडोरीला गेले, आणि सुमनबाईंचं रडणं थांबेपर्यंत तिथेच बसून राहिले.

बऱ्याच महिन्यांनी किरण आपणहून आला. "सर, सकाळी मला जाग येते तेव्हा हा आधीच जागा असतो. बोटं हलत असतात. बोलवा त्यांना."

दोघांच्या संमतीने आम्ही काही विद्यार्थीही भेटीच्या दुपारी सरांच्या वर्गात होतो. सुमनबाईंनी किरणच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. मनगटापर्यंत गोरा आणि पुढे सावळा असा तो हात त्यांनी मांडीवर घेतला, एकेक बोट चाचपलं. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "नखं लय वाढलीत रे. कापत नाय का?"

किरणने हात मागे घेतला नाही. "तुम्हीच कापा," तो म्हणाला.

कोणीतरी नेलकटर दिलं. वर्गात तेवढाच आवाज. कापलेली नखं सुमनबाईंनी पदराच्या टोकाला बांधली आणि निघून गेल्या.

हात टेबलावर उताणा पडून होता. "सर, मिटत नाहीये," किरण घाबरून म्हणाला. आमचा एक डॉक्टर मित्र नसांबद्दल काही सांगू लागला. सरांनी त्याला नजरेनेच थांबवलं. ते किरणशेजारी बसले आणि त्यांनी तो हात हातात घेतला. बराच वेळ गेला. मग ती बोटं हळूहळू सरांच्या हाताभोवती मिटली.

"सर, हे मी करत नाहीये."

"असू दे," सर म्हणाले. "धरू दे त्याला."

त्या दुपारच्या प्रसंगावर सरांनी कधी व्याख्यान दिलं नाही. किरण आता दर दिवाळीला दिंडोरीला जातो.

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांचे डोळे, कान आणि गुडघे त्यांना साथ देत राहोत. आम्हा विद्यार्थ्यांच्या वाट्याला ते अजून पुष्कळ, अगदी पुष्कळ वर्षं येवोत.