गार्ड वकील आणि शेवटचा डबा

गार्ड वकील गेले. सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये.

त्यांनाही कधी एका जागी बसवत नसे. आधी पूर्णेला मालगाडीवर गार्ड, मग ती नोकरी सोडून परभणीच्या कोर्टात वकील. म्हणून सगळे गार्ड वकीलच म्हणायचे. पक्षकाराला खुर्ची द्यायची आणि स्वतः येरझाऱ्या घालायच्या, ही त्यांची practice.

सत्तरचं दशक. मी मॅट्रिकला. बाबा पूर्णेजवळच्या फाटकावर गेटमन.

एका दुपारी मालगाडी गेली. बाबांनी फाटक उघडलं. बैलगाडी रुळावर आली, आणि मागून इंजिनाशिवाय नुसते डबे आले. वाटेत कपलिंग तुटून मालगाडीचे दोन तुकडे झाले होते.

दोन्ही बैल जागीच गेले. गाडीवानाचा पाय मोडला.

बाबा suspend. वर केस. आता तुरुंगच, असं जो तो म्हणायचा.

वकीलसाहेब घरी आले. चहाचा कप हातात, आणि आमच्या एवढ्याशा खोलीत फेऱ्या सुरू.

“शेवटचा डबा पाह्यला का? त्याच्या मागं पाटी व्हती का?”

पाटी दिसली तरच गाडी पूर्ण गेली. त्याआधी फाटक उघडायचं नसतं.

“पाह्यला, सायेब,” बाबा म्हणाले.

पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर.

तिसऱ्यांदा माय मधे पडली. “तुमी खोटं कशाला बोलायलाव? न्हाई पाह्यला, सायेब. ही पोरगी तापानं फणफणली व्हती. मीच ह्यांना आत हाक मारली.”

वकीलसाहेब बाबांसमोर थांबले. “कोर्टात हेच सांगायचं. खोटं बोललास तर मी उभा ऱ्हाणार न्हाई. त्या सुटलेल्या डब्यांच्या मागं गार्ड बसला व्हता. त्याला मी इचारतो.”

मला त्यांचा लय राग आला. खरं सांगून कुणी सुटतं का?

तो गार्ड त्यांचा जुना सोबती. Running room मध्ये, गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, एका पातेल्यात खिचडी शिजवून खाल्लेली माणसं.

कोर्टात त्यांनी त्याला विचारलं, “डबे सुटल्यावर हातब्रेक आवळला का?”

तो त्यांच्याकडे बघतच म्हणाला,

“न्हाई. डोळा लागला व्हता.”

दोष एकट्या बाबांचा नाही, हे कोर्टानं मानलं. दंड झाला, तुरुंग टळला. फाटक सुटलं, पण रुळांच्या गँगमध्ये नोकरी राहिली.

माय तिथंच पेढे काढायला लागली.

“थांबा ताई. निकालाची नक्कल हातात येऊ द्या. शेवटचा डबा दिसल्याबिगर गाडी गेली म्हणायची न्हाई.”

नक्कल मिळाली, तरी पेढा त्यांनी घेतला नाही. “मला त्याच्या घरी जायचंय,” म्हणाले आणि निघाले. तो गार्ड त्यांच्याशी पुन्हा कधीच बोलला नाही. ते मात्र दर दिवाळीला त्याच्या दारात जाऊन यायचे.

आज त्यांची अंत्ययात्रा निघाली. कुणीतरी म्हणालं, चला ताई, ऊन फार आहे.

मी हलले नाही. शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

पाह्यला, सायेब. खरंच पाह्यला.

जयभीम.